शाणूबाबांचे गाऱ्हाणे

आरती म्हणतात, अभंग गातात, पाढे घोकतात, मंत्र पुटपुटतात, देवाला आळवतात, भांडताना हेल काढतात आणि कोणी गेले की गळा काढतात. गाऱ्हाणे मात्र घालतात. डिचोलीच्या शाळेत मराठी शिकवताना मी हे दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे आणि लिहिताना दरवर्षी मला आमचे शेजारी शाणूबाब आठवत. देवाला हार घालावा तसे ते गाऱ्हाणे घालतात, असे वाड्यावरचे लोक कौतुकाने म्हणायचे. मी म्हणेन, घाव घालावा तसे घालत.

मी पेडण्याची. लग्न होऊन मये आणि डिचोलीच्या मधल्या या वाड्यावर आले, तेव्हा शाणूबाबांचे घर आमच्या घराला लागून होते आणि त्यांचा सोपो, म्हणजे व्हरांड्यातली बसायची सिमेंटची बैठक, माझ्या स्वयंपाकघराच्या जनेलासमोर, म्हणजे खिडकीसमोर. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की शाणूबाब सोप्यावर येऊन बसत. कपातल्या चहात उंडो पाव बुडवून खाता खाता जो कोणी समोरून जाईल त्याला त्याच्याच हेलात हाक मारत. नक्कल इतकी हुबेहूब की माणूस क्षणभर चपापे, आपणच बोललो की काय म्हणून. नव्या नवरीला तरी सोडावे? दुसऱ्याच दिवशी मी बाल्दी घेऊन विहिरीवर निघाले होते. "खंय चल्लें गो?" म्हणून त्यांनी विचारले आणि मी सरळपणे "बावडेर जातंय" म्हटले. झाले. "जातंऽऽय!" त्यांनी शेवट असा ओढला की पलीकडच्या घरातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसापासून मी 'जातंय' झाले. शाळेत बाई, घरात वयनी आणि वाड्यावर जातंय. माझा मूळचा पेडण्याचा हेल मी जो गिळला तो आजतागायत वर आलेला नाही. माहेरी गेले की माझी बहीण म्हणते, तू परक्यासारखी बोलतेस.

माणूस दिसायला अगदी किरकोळ. काळा, बुटका, कान मोठे, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. आवाज मात्र असा की तो त्या देहातून येतोय यावर विश्वास बसू नये. त्या आवाजाला गोडवा म्हणून नव्हता. तो सरळ कानात शिरायचा आणि तिथेच बसायचा. आमच्या वाड्याचा राखणदार देव राष्ट्रोळी. त्याच्या पुढ्यात नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणे घालायचा मान शाणूबाबांच्या घराण्याचा. ज्याचे मागणे असेल त्याने आदल्या दिवशी येऊन आपले दुखणे त्यांच्या कानात सांगायचे. दुसऱ्या दिवशी ते देवापुढे उभे राहून ते चालीत मांडणार आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी मागे उभ्या असलेल्या लोकांनी एका सुरात म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याला उभे राहण्याआधी शाणूबाब चष्मा काढत आणि जवळच्या कोणाच्या तरी हातात देत. "देवाफुडें उबो रावलों काय म्हाका मनशां दिसूंक नाकात," असे म्हणत. चष्म्याशिवाय त्यांना खरोखरच हातभरावरचे दिसत नसे.

उगीच कशाला नाकारू, मीही त्या आवाजापुढे रडले आहे. खाणीवरच्या एका ट्रक ड्रायव्हरचे दोन्ही पाय गेले, तेव्हा त्याच्या बायकोने नारळ ठेवला होता. शाणूबाबांनी त्या बाईचे दुःख असे मांडले की खाणीवर काम करणारे दगडासारखे पुरुष मान खाली घालून हुंदके देत होते. देव खरेच दारात येऊन ऐकतो आहे असे वाटले. घरी परतताना माझे यजमान म्हणाले, या माणसाला सगळे माफ आहे. वाड्याचेही तेच म्हणणे होते, आणि शाणूबाबांना ते ठाऊक होते.

पोटासाठी ते बसवर कंडक्टर होते. म्हापशाहून डिचोलीवरून साखळीला जाणारी खाजगी बस. "अस्नोडें-मुळगांव-डिचोली-कारापूर-साखळी" ही नावे ते अशी ओवून म्हणत की शाळेतली पोरे ती चाल घरी नेत. बस म्हणजे त्यांचा दरबार. त्या बसने कारापूरचा केशव म्हणून एक तरुण रोज कामावरून परतत असे. तो बोलताना अडखळायचा आणि नेमका 'क'वर अडकायचा. शाणूबाब सगळी बस सोडून आधी त्याच्यापुढे येऊन उभे राहत. खंय देंवतलो रे, कुठे उतरणार, म्हणून विचारत. रोजचा माणूस, रोजचा थांबा, पण त्याच्या तोंडून वदवल्याशिवाय तिकीट फाडायचे नाही. बिचारा का-का-का करायला लागला की हे त्याच सुरात गजर करत, "का-का-का! कावळो देंवता, वाट दियात!" बस खदखदून हसे. काही दिवसांनी केशव साखळीचे तिकीट मागू लागला. साखळी त्याला नीट म्हणता यायचे. तिथे उतरून तो कारापूरला चालत माघारी जात असे, पावसातसुद्धा.

एके दिवशी त्याने सवयीने साखळी मागितले, तर शाणूबाब म्हणाले, कारापूर म्हणून दाखव, मग तिकीट देतो. तेव्हा मागच्या सीटवरून आमच्याच वाड्यावरची सुनंदा उठली. पुंडलीक म्हणून पलीकडचे शेतकरी, त्यांची ही एकुलती मुलगी, तेव्हा कॉलेजात जाणारी. मी त्याच बसमध्ये वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. ती शांतपणे म्हणाली, "शाणूबाब, पुरो आतां. देवान तुमकां आवाज दिला तो गाऱ्हाणें घालूंक, मनशाची फजिती करूंक न्हय."

शाणूबाबांनी केशवला तिकीट फाडून दिले. मग सुनंदाकडे वळून, चष्मा नाकावर वर सरकवून, तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. कोणी त्यांना असे बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते आणि नंतरही ऐकले नाही. पुढे साखळीपर्यंत त्यांनी एकही थांबा चालीत पुकारला नाही.

त्यांची बायको वारली तेव्हाची गोष्ट सांगते, म्हणजे माणूस कळेल. अंगणात बायका गळा काढून रडत होत्या. आमच्याकडे ते रडणेही एका लयीतच असते. गेलेल्या माणसाचे गुण सांगत सांगत, एकीने सोडले की दुसरीने उचलायचे. त्यांची सून प्रमिला पुढे बसून रडत होती. मुलगा आखातात, त्याला यायला दोन दिवस लागणार होते. शाणूबाब सोप्यावरून उठले, बायकांच्या घोळक्यापाशी आले आणि प्रमिलाला म्हणाले, "तूं ओगी राव गो. तुजो सूर खोटो लागता." तोंडातले रडे तोंडात ठेवून ती पोर गप्प झाली. सासूवर तिचा जीव होता हो. त्यानंतर सासूच्या बाराव्यालाही तिच्या डोळ्यांतून पाणी आले नाही, आणि शाणूबाब सगळ्यांना सांगत सुटले की बघा, मी म्हटले नव्हते?

सुनंदाचे लग्न ठरत आले ते बसमधल्या त्या प्रसंगानंतर वर्षभराने. स्थळ आमोण्याचे, घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा सरकारी नोकरीत. तिला मनापासून आवडलेला. माझ्याकडे ब्लाउजचा नमुना मागायला आली तेव्हा तोंडावरून कळत होते. एकच अडचण होती आणि ती आई-बापांशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. सुनंदाच्या पाठीवर, कमरेच्या वर, एक पांढरा डाग होता. दुखत नव्हता, खुपत नव्हता, पण कोड म्हटले की सोयरीक मोडते. मुलाला स्वतः सांगायचे असे सुनंदाने ठरवले होते. एकदा दोघांना एकान्तात बोलू द्या, मी माझ्या तोंडाने सांगेन, मग तो म्हणेल ते, असे तिने बापाला बजावले होते. हे तिनेच मला पुढे सांगितले.

आमोण्याची माणसे घर बघायला येणार होती आणि बोलणी करण्याआधी राष्ट्रोळीला नारळ ठेवायचा होता. पुंडलीक रीतीप्रमाणे आदल्या दिवशी शाणूबाबांकडे गेले. आता गाऱ्हाणे घालणाऱ्यापासून दुखणे लपवायचे नसते, लपवले तर गाऱ्हाणे लागू पडत नाही, असा इथला समज. भोळा माणूस. त्याने सगळे सांगितले, डागासकट. वर हात जोडून म्हणाला, "हें तेवडें मनांतल्या मनांत सांगात, शाणूबाब. सोयरे उबे आसतले."

"बरें," शाणूबाब म्हणाले. "देवाक मनांतलेंय आयकूंक येता." ही बोलणी सोप्यावर झाली आणि मी जनेलाशी भाजी चिरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी राष्ट्रोळीच्या देवळीपुढे आम्ही पंचवीस-तीस माणसे असू. पुढे पुंडलीक, त्यांची बायको, निळ्या साडीतली सुनंदा. बाजूला आमोण्याची मंडळी, मुलगा, त्याचे आई-वडील, मामा. शाणूबाब पुढे झाले. प्रमिलाने सवयीने चष्म्यासाठी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. चष्मा तसाच नाकावर ठेवून त्यांनी आधी आमोण्याच्या मंडळींकडे एकदा नीट पाहून घेतले आणि मग देवाकडे तोंड केले.

"बा देवा राष्ट्रोळी म्हाराजा! आज ह्या लेकरान तुज्या पायांकडे नारळ ठेवलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पुंडलीकाच्या चेडवाचें लग्न जुळून येता, तें निर्विघ्न पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या पाठीर जो धवो डाग आसा, आवय-बापायन इतलीं वर्सां लिपोवन दवरला, तो वाडूंक दिवं नाका रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. मी म्हणाले. चालीचा ओघच तसा असतो, शब्द कळण्याआधी तोंड उघडते. पुंडलीकही म्हणाले. मुलाचा मामा तर सगळ्यांत मोठ्याने म्हणाला आणि म्हणून झाल्यावर त्याचे डोळे विस्फारले. शाणूबाब थांबले नाहीत. आवाज आणखी वर चढवून, आणखी आर्त करून त्यांनी पुढचे घातले, "आनी सोयऱ्यांक तो दिसलो जाल्यार तांचें मन फिरूंक दिवं नाका रे म्हाराजा!" या वेळी दोन-चारच आवाज आले आणि तेही मध्येच विरले. सुनंदाने मान वर केली. ती देवाकडे बघत नव्हती, मुलाकडेही नाही. शाणूबाबांच्या चष्म्याकडे बघत होती.

आमोण्याची मंडळी चहाला थांबली नाहीत. कळवतो म्हणाली आणि कळवले नाही. मुलगा जाताना एकदा वळला होता, पण मामाने त्याचा दंड धरला. पुंडलीक दुपारी शाणूबाबांच्या अंगणात उभे राहून असे का केलेत म्हणून विचारू लागले, तर शाणूबाब सोप्यावरून उतरलेसुद्धा नाहीत. "देवाफुडें उबो रावलों काय म्हाका मनीस दिसना," ते म्हणाले. "तोंडांत आयलें तें देवान बोलयलें." वाड्यातले चार शहाणे त्यांच्या बाजूने बोलले. देवाचे काम, त्याला काय करणार. शिवाय पुढच्या वर्षी आपल्यालाही नारळ ठेवायचा असतोच. पुंडलीक घरी गेले आणि पुढे ते फारसे घराबाहेर दिसले नाहीत. वर्षा-दोन वर्षांत वारले.

सगळ्यात वाईट म्हणजे ती ओळ चालीत पक्की बसली होती. पोरे लगोरी खेळताना ती म्हणायची. "धवो डाग आसा रे म्हाराजा" म्हणत दगड रचायची आणि फोडायची. त्यांना अर्थही ठाऊक नसावा. सुनंदाने कॉलेज सोडून शिवणाचे यंत्र घेतले होते, ती जनेलाशी बसून ब्लाउज शिवायची आणि ती ओळ ऐकायची. दुसरे स्थळ आले नाही. चाल जिथवर पोहोचते तिथवर बातमी पोहोचते आणि शाणूबाबांची चाल बसमधून साखळीपर्यंत जात होती. तो डाग मात्र पुढे कधी तसूभरही वाढला नाही. राष्ट्रोळीने तेवढे ऐकले.

अशी वर्षे गेली. शाणूबाब निवृत्त झाले, बस बंद पडली, आवाज तसाच राहिला. आणि एका सकाळी पोदेराचा भोंपू वाजला, उंडो चहात बुडवलेला हात तिथेच राहिला, आणि शाणूबाब सोप्यावर आडवे झाले. बांबोळीच्या इस्पितळातून महिन्याभराने घरी आणले तेव्हा उजवे अंग गेले होते आणि वाचाही. समजत सगळे होते, शब्द येत नव्हते. मग हळूहळू दोनच शब्द परत आले. कोणी काही विचारले की ते तोंड वाकडे करून झटत, मानेची शीर फुगे आणि सुरात, अगदी शुद्ध सुरात बाहेर पडे, "व्हय म्हाराजा!" डॉक्टरांनी प्रमिलाला समजावले की असे होते, बोलणे जाते आणि जुनी घोटलेली चाल तेवढी मागे राहते. मला मात्र नवल वाटले. हे दोन शब्द शाणूबाबांनी लहानपणी बापाच्या मागे उभे राहून म्हटले असतील तेवढेच. एरवी जन्मभर ते लोकांकडून म्हणवून घेतले होते.

आमचा वाडाही काही संतांचा नव्हे. पहिले चार दिवस हळहळ झाली आणि मग मजा सुरू झाली. चहाच्या दुकानातली माणसे जाता-येता सोप्यापाशी थांबू लागली. "शाणूबाब, तुमी गाढव?" "व्हय म्हाराजा!" "बायलेक मारताले मरे?" "व्हय म्हाराजा!" त्यांच्या डोळ्यांत अंगार पेटायचा, डावा हात सोप्यावर आपटायचा, पण तोंडातून तेच. पोरांनी तर हा खेळच करून टाकला. प्रमिला आतून बघायची आणि पोरांना हाकलायला बाहेर यायची नाही. मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. कारापूरच्या केशवला कोणीतरी मुद्दाम बोलावणे धाडले होते, ये, तुझी पाळी आहे म्हणून. तो आला नाही.

सुनंदाही कितीतरी महिने आली नाही. मग एका दुपारी प्रमिलाचे शिवलेले ब्लाउज द्यायला म्हणून आली. प्रमिला बाजारात गेली होती आणि शाणूबाबांपाशी मी बसले होते. सुनंदाने पिशवी सोप्यावर ठेवली. केस पांढरे झाले होते तिचे, पाठ शिवणाने वाकली होती. ती त्यांच्यासमोर पायरीवर बसली आणि बसमध्ये बोलली होती तशाच शांत आवाजात म्हणाली, "शाणूबाब, एक विचारूं? त्या दिसा तुमी चष्मो काडूंक ना. विसरलात?"

त्यांच्या मानेची शीर फुगली. "व्हय म्हाराजा."

"काय बसींत हांव उलयलें ताचो सूड म्हूण मुद्दाम केलें?"

"व्हय म्हाराजा."

या एका उत्तरासाठी तिने आपले वय घालवले होते आणि उत्तर मिळाले तेही असे, की त्याचा काही उपयोग नाही. शाणूबाबांच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होते. ते कशाचे, हे मला सांगता येणार नाही. आजारी डोळ्यालाही येते. सुनंदा उठली, साडी झटकली. "तुमी बरे जावंक जाय," ती म्हणाली. "म्हाका तुमच्या तोंडांतल्यान आयकूंक जाय."

यंदाच्या राखणेच्या दिवशी, म्हणजे राखणदार देवाला वर्षाचा मान देतात त्या दिवशी, शाणूबाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून देवळीपुढे आणले होते. गाऱ्हाण्याचा मान आता त्यांच्या पुतण्याकडे, मोहनकडे. मुलगा सरळ आहे, आवाज सामान्य आहे, सांगितलेले तेवढे म्हणतो. सुरू करण्याआधी प्रमिलाने जुन्या सवयीने शाणूबाबांचा चष्मा काढून हातात घेतला. सुनंदा मागून पुढे आली. "आसूं दी गो," म्हणाली, "तांकां दिसूं दी." आणि तिने तो चष्मा स्वतःच्या पदराने पुसून त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला. बायकांना भरून आले.

तिचाही नारळ होता. आदल्या दिवशी जाऊन तिने मोहनला काय म्हणायचे ते सांगितले होते.

"आमच्या ह्या शाणूबाबाक उदंड आयुष्य दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोकांनी मनापासून साथ दिली.

"जें ताच्या तोंडांत अडकून रावलां, तें भायर येयसर ताका आपल्या दारांत आपोवं नाका रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझ्या शेजारची बाई डोळे टिपत कुजबुजली, कितलें व्हडलें मन गो हिचें. तोंडातले बाहेर येईपर्यंत याला वर बोलावू नकोस, असे ते मागणे होते आणि त्यातली मेख मोहनलाही कळली नव्हती. दीर्घायुष्यच मागत होता तो, काकासाठी. सुनंदा तेवढी गप्प होती. ती खुर्चीकडे पाहत होती.

शाणूबाबांना कळले होते. जाड भिंगांमागून ते तिच्याकडे बघत होते, डाव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरून, आणि मान जोरजोरात नाही नाही अशी हलवत होते. सगळ्यांचे म्हणून झाले होते. मान तशीच हलत असताना त्यांचे तोंड उघडले आणि तो जुना आवाज लागला, अगदी वरच्या पट्टीत, शेवट लांबवून, "व्हय म्हाराऽऽजा!"